लक्षद्वीपला स्कुबा करायला जाताय? मग प्लॅन परतीच्या विमानापासून सुरू करा

समजा, तुम्ही चार मित्रांनी लक्षद्वीपचा प्लॅन केलाय. शुक्रवारी कोचीहून विमानानं अगत्ती बेटावर. शनिवारी एक स्कुबा डाइव्ह. रविवारी सकाळी एक आणि दुपारी एक. रविवारी चार वाजता पाण्याबाहेर, संध्याकाळी नारळपाणी आणि सूर्यास्ताचा रील. सोमवारी सकाळी ९ च्या विमानानं परत. सुट्टी फक्त दोन दिवसांची टाकायची आणि पैसे पूर्ण वसूल. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी थम्सअप दिला.

या प्लॅनमध्ये एक गंभीर चूक आहे आणि ती समुद्रात नाही, विमानात आहे.

शेवटच्या डाइव्हनंतर विमान सुटेपर्यंत इथं १७ तास मिळतायत. अनेक दिवस किंवा एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबावं, असं डायव्हिंगच्या जगातलं मार्गदर्शक सूत्र सांगतं. बहुतेक इन्स्ट्रक्टर तर सरळ २४ तास धरायला सांगतात.

हे असं का? स्कुबा म्हणजे नक्की काय? त्यासाठी पोहता यायला हवं का? आणि ज्या प्रवाळासाठी आपण एवढ्या लांब जातो, ते आज कोणत्या अवस्थेत आहे? एकेक करून पाहू.

लक्षद्वीप सगळ्यांच्या फीडवर आलं कसं?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी लक्षद्वीपला गेले आणि तिथले फोटो त्यांनी सोशल मीडियावर टाकले. त्यावर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी शेरेबाजी केली, मालदीव सरकारनं तिघांना निलंबित केलं आणि भारतात मालदीवच्या बहिष्काराचा हॅशटॅग चालला. त्या दिवसांत आपल्या साइटवर लक्षद्वीपचा शोध ३,४०० टक्क्यांनी वाढल्याचं मेकमायट्रिपनं सांगितलं होतं.

त्या फोटोंमध्ये मोदी करत होते ते स्नॉर्कलिंग. अनेकांनी त्यालाच स्कुबा म्हटलं. दोन्हींत फरक मोठा आहे.

स्नॉर्कलिंगमध्ये तुम्ही पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगता. तोंडातल्या नळीचं दुसरं टोक पाण्याबाहेर असतं, त्यातून वरचीच हवा घेता. स्कुबामध्ये हवेची टाकी पाठीवर घेऊन तुम्ही पाण्याखाली जाता. स्नॉर्कलिंग म्हणजे गच्चीवरून गल्ली बघणं, स्कुबा म्हणजे गल्लीत उतरून चालणं. गल्लीत उतरलं की तिथले नियम लागू होतात.

ही बेटं बनलीत कशाची?

लक्षद्वीप हा भारताचा सगळ्यात लहान केंद्रशासित प्रदेश. एकूण ३६ बेटं, त्यातल्या जेमतेम १० बेटांवर वस्ती. सगळी जमीन एकत्र केली तर ३२ चौरस किलोमीटर भरते. मुंबई ६०० चौरस किलोमीटरच्या वर आहे, यावरून अंदाज करा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास. कोचीपासून ही बेटं २२० ते ४४० किलोमीटर आत समुद्रात आहेत.

आता थोडा भूगोल. यात एक धागा आपल्या सह्याद्रीपर्यंत येतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना पृथ्वीच्या पोटातल्या एका अतितप्त जागेवरून गेला. त्यातून जो लाव्हा बाहेर पडला, त्याचा काळा पाषाण म्हणजे आपलं दख्खनचं पठार. भूखंड पुढे सरकत राहिला, जागा तिथंच राहिली. तिनं मागे समुद्रात ज्वालामुखींची रांग उठवली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्या पाण्याखालच्या डोंगररांगेवर उभे आहेत, ती याच प्रक्रियेतून घडली, असं बरेचसे भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. ती जागा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे.

पण लक्षद्वीपला गेलात तर काळा दगड दिसणार नाही. सगळीकडे पांढरी वाळू. याचं उत्तर चार्ल्स डार्विननं १८४२ च्या आपल्या पुस्तकात दिलं होतं. ज्वालामुखीच्या बेटाभोवती उथळ पाण्यात प्रवाळ वाढतं. बेट हळूहळू खचत जातं, पण प्रवाळ उजेडाच्या ओढीनं वर वर वाढत राहतं. शेवटी मूळ बेट पाण्याखाली गडप होतं आणि प्रवाळाचं कडं तेवढं उरतं. शाळेच्या पुस्तकात याला आपण कंकणद्वीप म्हणायचो. कड्याच्या आतलं शांत, उथळ, फिरोजी पाणी म्हणजे लगून.

म्हणजे इथं तुमच्या पायाखालची वाळूसुद्धा प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. प्रवाळ हे या बेटांवरचं आकर्षण नाही, बेटच प्रवाळाचं आहे.

पाठीवर ऑक्सिजन असतो का?

नसतो. बातम्यांमध्येसुद्धा 'ऑक्सिजन सिलिंडर' असा शब्द येतो, पण साध्या स्कुबाच्या टाकीत आपण श्वासात घेतो तीच हवा असते. फक्त ती गाळून, कोरडी करून दाबून भरलेली असते. म्हणजे साधारण २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला जवळजवळ सगळा नायट्रोजन. या नायट्रोजनचं नाव लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्याचीच आहे.

१२ लिटरची टाकी २०० बार दाबानं भरली तर तिच्यात सुमारे २,४०० लिटर हवा मावते. ती थेट तोंडात सोडली तर फुप्फुसं फाटतील. म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो. तुम्ही जितक्या खोलीवर असाल, तिथल्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तो देतो, तीही तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी असा रेग्युलेटर बनवला आणि आजच्या स्कुबाची सुरुवात झाली.

आता दाबाचा हिशोब. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्यावर एक वातावरण इतका दाब असतो. दर १० मीटर खाली गेलं की त्यात एकाची भर पडते. १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट.

दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. हा आपण नववी-दहावीत ऐकलेला बॉइलचा नियम. पाण्याखाली त्याचे तीन थेट परिणाम होतात.

पहिला कानावर. पडद्यामागची हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. घाट उतरताना कान बंद होतात ना, तसंच, पण कितीतरी जास्त. त्यासाठी नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची, म्हणजे कान मोकळे होतात. हे पहिल्या मीटरपासून, दुखायच्या आधी आणि पुन्हा पुन्हा करायचं. दुखायला लागलं तर आणखी जोरात फुंकायचं नाही, थोडं वर यायचं. सर्दी झालेली असेल तर कान मोकळेच होत नाहीत, म्हणून सर्दीत डाइव्ह नाही. पैसे भरलेले असले तरी नाही.

दुसरा परिणाम हवेच्या खर्चावर. १० मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा लागते, म्हणजे टाकी निम्म्या वेळात संपते. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्याची त्याहूनही लवकर संपते.

तिसरा परिणाम सगळ्यात महत्त्वाचा. १० मीटरवर फुप्फुसं भरून हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर ती हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसांना तेवढी जागा नसते. ती फाटू शकतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. म्हणून स्कुबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. पोहताना श्वास रोखायची सवय लागलेल्यांना हे मुद्दाम शिकावं लागतं.

मग नायट्रोजन काय करतो?

सोड्याची बाटली डोळ्यांसमोर आणा. झाकण बंद असेपर्यंत आत एकही बुडबुडा दिसत नाही, कारण दाबाखाली वायू पाण्यात विरघळलेला असतो. झाकण फटकन उघडलं की फेस बाहेर. सावकाश, किंचित किंचित उघडलं तर फारसं काही होत नाही.

आपलं शरीर पाण्याखाली असंच वागतं. ऑक्सिजन शरीर वापरून टाकतं, नायट्रोजन मात्र वापरता येत नाही. दाब जास्त असल्यामुळे तो रक्तात आणि पेशींमध्ये विरघळत राहतो. जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका जास्त साठा. वर येताना तो परत रक्तातून फुप्फुसांत आणि श्वासावाटे बाहेर जायला हवा, आणि त्याला वेळ लागतो.

तो वेळ दिला नाही तर नायट्रोजनचे बुडबुडे शरीरातच तयार होतात. याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. डायव्हरांच्या बोलीत 'बेंड्स'. सांधेदुखी, अंगावर चट्टे, प्रचंड थकवा, मुंग्या येणं, तोल जाणं, आणि गंभीर प्रकारात पाय लुळे पडणं. लक्षणं पाण्यातून बाहेर आल्यानंतर काही तासांनीही दिसू शकतात. म्हणून पुष्कळ जण 'टाकी उचलून खांदा दुखतोय' म्हणून दुर्लक्ष करतात.

हे टाळण्यासाठी वर येण्याचा वेग मिनिटाला साधारण ९ मीटर इतकाच ठेवतात. वर येता येता ५ मीटरवर तीन मिनिटं नुसतं थांबतात. रीलमध्ये हा भाग कापलेला असतो, कारण त्यात काहीच घडत नाही. शरीरात मात्र पुष्कळ काही घडत असतं.

आणि विमानाचा काय संबंध?

पाण्याबाहेर आल्यावरही नायट्रोजनचा काही साठा शरीरात उरतो. जमिनीवर तो हळूहळू निघून जातो. पण विमानात केबिनमधला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावा तितका. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे विमानात बसलेला माणूस दाबाच्या हिशोबानं कळसूबाईच्या शिखराहूनही वर असतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण तिथं पुन्हा एकदा उघडतं.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हिंगच्या सुरक्षेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिची मार्गदर्शक तत्त्वं अशी:

• एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास.
• एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास.
• वर येताना टप्प्याटप्प्यानं सक्तीचे थांबे घ्यावे लागतील अशी खोल किंवा लांब डाइव्ह असेल तर १८ तासांपेक्षा बराच जास्त वेळ.

हा नियम फक्त विमानापुरता नाही. साधारण ६०० मीटरच्या वरची कुठलीही उंची यात धरतात. कोकणात डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली घाटानं कोल्हापूर गाठणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. मालवणातली पहिलटकरांची डाइव्ह उथळ आणि थोडा वेळ असते, त्यामुळे धोका कमी. तरी निघण्याआधी इन्स्ट्रक्टरला 'आम्ही आज घाट चढणार आहोत' एवढं सांगायला काही लागत नाही.

पण हे तर जगात सगळीकडे लागू आहे. दूरच्या बेटावर वेगळं काय?

बेंड्सवरचा उपचार म्हणजे आधी शुद्ध ऑक्सिजन आणि मग रीकम्प्रेशन चेंबर. ही एक बंद टाकीसारखी खोली असते. तिच्यात दाब वाढवून बुडबुडे पुन्हा विरघळवतात आणि मग तासन् तास सावकाश दाब कमी करतात. मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात अशी सोय आहे. पण प्रत्येक बेटावर असा चेंबर असणं शक्य नसतं.

मुंबईत अपघात झाला तर ॲम्ब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकते. बेटावरून माणसाला आधी बोट, मग हेलिकॉप्टर किंवा विमान लागतं, तेही हवामान बरं असेल तर. रुग्णाला हवेतून नेताना विमान शक्य तितकं खालून न्यावं लागतं, कारण उंची वाढली की त्रास वाढतो.

त्यामुळे बुकिंग करताना डाइव्ह सेंटरला पुढचे पाच प्रश्न विचारा. चांगलं सेंटर चिडत नाही, सरळ उत्तरं देतं.

• बोटीवर इमर्जन्सी ऑक्सिजन असतो का?
• सगळ्यात जवळचा रीकम्प्रेशन चेंबर कुठं आहे आणि तिथं नेणार कसं?
• एका इन्स्ट्रक्टरमागे पाण्यात किती नवखे असतील?
• वैद्यकीय फॉर्म कधी भरून घेता?
• शेवटची डाइव्ह आणि माझं विमान यांत किती तास ठेवताय?

वैद्यकीय फॉर्मवर दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण अशा गोष्टी विचारलेल्या असतात. 'हो' लिहिलं तर डाइव्ह रद्द होईल या भीतीनं अनेक जण सगळीकडे 'नाही'वर टिक करतात. त्यात नुकसान सेंटरचं नाही, तुमचं. खरं उत्तर द्या आणि गरज असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्या. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, तेही आधी वाचून घ्या.

पोहता येत नाही. तरी जमेल?

इथं दोन वेगळे प्रकार आहेत आणि जाहिरातींत त्यांची सर्रास सरमिसळ होते.

पहिला प्रकार म्हणजे ट्राय डाइव्ह. तासाभराची माहिती, उथळ पाण्यात सराव आणि मग इन्स्ट्रक्टर तुम्हाला सोबत घेऊन खाली जातो. पोहता आलंच पाहिजे असं नाही. कमाल खोली १२ मीटर. यानंतर मिळणारा फोटो खरा असतो, पण तुम्ही डायव्हर झालेले नसता. एका अर्थी तुम्ही मागच्या सीटवर बसलेले असता.

दुसरा प्रकार म्हणजे ओपन वॉटर कोर्स. तीन-चार दिवस लागतात. थिअरी, उथळ पाण्यातली कौशल्यं आणि समुद्रात चार डाइव्ह. मास्कमध्ये पाणी भरलं तर ते कसं काढायचं, तोंडातून रेग्युलेटर निसटला तर परत कसा घ्यायचा, हवा संपली तर जोडीदाराची कशी घ्यायची, हे सगळं करून दाखवावं लागतं. इथं थोडं पोहता यायला लागतं, साधारण २०० मीटर, आणि १० मिनिटं तरंगता यायला हवं. नंतर जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं आणि हे प्रमाणपत्र जगभर चालतं. ट्राय डाइव्हपेक्षा खर्च कित्येक पटींनी जास्त येतो, पण तो एकदाच.

पहिल्यांदाच करणार असाल तर थेट लक्षद्वीप गाठण्याची घाई करू नका. आपल्याकडे मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणच्या किनाऱ्यालगतचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथलं पाणी लक्षद्वीपइतकं नितळ नसतं, हे खरं. पण आपले कान मोकळे होतात का, पाण्याखाली जीव घाबरा होतो का, हे घराजवळ कळलं तर ते बरं. तिथं भीती वाटली तर एक दुपार वाया जाईल. लक्षद्वीपला वाटली तर अख्खी ट्रिप.

ज्या प्रवाळासाठी जायचं, ते कसं आहे?

आता ज्याच्याबद्दल पॅकेजवाले बोलत नाहीत, तो मुद्दा.

प्रवाळ दिसतं दगडासारखं किंवा झुडपासारखं, पण तो प्राणी आहे. हजारो बारीक जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि चुन्याचा सांगाडा बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उजेडावर अन्न तयार करून प्रवाळाला देतं, प्रवाळ त्याला निवारा देतं. आपल्याला दिसणारा रंगही बराचसा या शैवालाचा.

समुद्राचं तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमालीपेक्षा अवघं एक अंश वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हे नातं तुटतं. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. याला ब्लीचिंग म्हणतात. पांढरं प्रवाळ लगेच मरत नाही, ते उपाशी असतं. पाणी लवकर थंड झालं तर सावरतं, नाहीतर मरतं.

लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठ्या प्रमाणावर ब्लीचिंग झालं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीपासून तिथल्या समुद्रात पुन्हा उष्णतेची लाट होती, आणि मे २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तिथं गंभीर ब्लीचिंग झाल्याचं सांगितलं. म्हणजे लक्षद्वीपचे फोटो देशभर फिरत होते, नेमक्या त्याच महिन्यांत तिथलं प्रवाळ तापत होतं.

नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांभोवतीच्या प्रवाळाची २४ वर्षांची नोंद ठेवली. जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८ मध्ये साधारण ३७ टक्के होतं, ते साधारण १९ टक्क्यांवर आलं. जवळजवळ निम्मं. प्रत्येक तडाख्यानंतर प्रवाळ पुन्हा वाढायला लागतं. पण त्याला वर्षानुवर्षं शांतता लागते, आणि दोन तडाख्यांमधली शांतता आता पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही.

याचा अर्थ तिथं बघण्यासारखं काही उरलं नाही असा नाही. कासवं आहेत, माशांचे थवे आहेत, चांगले वाढलेले प्रवाळाचे पट्टेही आहेत. पण ब्रोशरमधला रंगीत फोटो कोणत्या साली काढलाय, हे विचारायला हरकत नाही.

बेटावरच्या माणसांसाठी हा प्रश्न पर्यटनापेक्षा मोठा आहे. इथले मच्छीमार ट्युना पकडतात, तोही जाळ्यानं नाही तर काठी आणि गळानं. त्यासाठी लागणारे जिवंत आमिषाचे छोटे मासे लगूनमधल्या प्रवाळात राहतात. शिवाय प्रवाळाचं कडं मोठ्या लाटांना बाहेरच अडवतं. ते झिजलं तर समुद्र थेट किनाऱ्यावर येतो. बंगारमजवळचं परळी-१ हे निर्मनुष्य छोटं बेट धूप होऊन पूर्ण नाहीसं झाल्याचं २०१७ मध्ये एका संशोधनातून समोर आलं.

गोड्या पाण्याचंही तसंच. बेटाच्या वाळूत पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगतं, विहिरी त्यावर चालतात. जास्त उपसा केला की खारं पाणी वर येतं. कवरत्तीला २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा. हॉटेलातला आपला शॉवर या हिशोबातूनच जातो.

पाण्याखाली कसं वागायचं?

समुद्र तापतोय, तो एका पर्यटकाच्या वागण्यानं थांबणार नाही. पण आधीच आजारी असलेल्या प्रवाळावर लाथ मारणं तरी आपल्या हातात, म्हणजे पायात आहे.

नवख्या माणसाकडून सगळ्यात जास्त नुकसान होतं ते फिन्समुळे. तोल सांभाळता येत नाही, पाय खाली जातात आणि गोलाकार प्रवाळ, जे वर्षाला अगदी एखादा सेंटिमीटर वाढतं, ते क्षणात मोडतं. म्हणून पहिली डाइव्ह वाळूच्या तळावर घ्या, प्रवाळाच्या भिंतीपाशी नको. कॅमेरा पहिल्या डाइव्हला इन्स्ट्रक्टरकडेच राहू द्या. हात रिकामे असतील तर लक्ष तोलावर राहतं.

प्रवाळाला हात लावायचा नाही, त्याला धरून सेल्फी तर नाहीच. माशांना ब्रेड किंवा बिस्कीट टाकायचं नाही. सनस्क्रीनऐवजी शक्यतो लांब बाह्यांचा स्विम शर्ट घाला. काही सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांमुळे हवाई आणि पलाऊ इथं त्यांच्यावर बंदी आहे.

आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा 'आठवण' म्हणून बॅगेत टाकू नका. समुद्रात खडक उभारणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघही आहे.

जायचं कसं, कधी?

लक्षद्वीपला मनात आलं म्हणून जाता येत नाही. भारतीय नागरिकांनाही १९६७ च्या नियमांनुसार प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, म्हणून कागदपत्रांना काही आठवडे द्या. नोंदणीकृत टूर ऑपरेटरकडून किंवा प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेमार्फत हे काम सोपं होतं. परवाना हातात येईपर्यंत परत न मिळणारी तिकिटं काढू नका.

विमानतळ एकच, अगत्ती. धावपट्टी छोटी, म्हणून विमानंही छोटी आणि सीट कमी. कोचीहून जहाजंही जातात, बेटानुसार साधारण १४ ते १८ तास लागतात. डायव्हिंगसाठी ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो.

बंगारम सोडलं तर सगळीकडे दारूबंदी आहे. बहुतांश लोकसंख्या मुस्लिम आणि अनुसूचित जमातींची आहे. गावात फिरताना अंगभर कपडे घाला, माणसांचे फोटो विचारून काढा.

मग तो प्लॅन दुरुस्त कसा करायचा?

सुरुवातीचा प्लॅन परत उघडा. फार काही बदलायचं नाही.

शुक्रवारी पोहोचा. त्या दिवशी लगूनमध्ये फक्त स्नॉर्कलिंग करा, मास्कची सवय होऊ द्या. शनिवारी सकाळी एक डाइव्ह, दुपारी एक. रविवारी सकाळी लवकर एक, आणि दहापर्यंत पाण्याबाहेर. रविवारचा उरलेला दिवस गावात फिरा, ट्युनाच्या होड्या परतताना बघा, भरपूर पाणी प्या. सोमवारी ९ चं विमान. मध्ये २३ तास मिळाले.

डाइव्ह आधीइतक्याच, तीन. पैसे तेवढेच, सुट्टी तेवढीच. फक्त रविवारची दुपारची डाइव्ह शनिवारी सरकवली.

तरीही रविवारी दुपारी कुणीतरी म्हणेल, 'अरे, पाणी किती मस्त आहे, अजून एक मारू या का?' तेव्हा घड्याळ बघा आणि नाही म्हणा. तो नसेलच ऐकत, तर हा लेख ग्रुपवर टाका.